सर जॉन सोन आणि त्यांचं घर-म्युझियम

सर जॉन सोन (१० सप्टेंबर १७५३ – २० जानेवारी १८३७) हे इंग्लंडचे आर्किटेक्ट. गवंड्याचा मुलगा, पंधराव्या वर्षाच्या आसपास आर्किटेक्ट जॉर्ज डान्स (धाकटे) यांच्या ऑफिसात लागले, रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकले, स्कॉलरशिपवर इटली बघून आले आणि १७८८ ते १८३३ बँक ऑफ इंग्लंडचे आर्किटेक्ट राहिले. लंडनमधल्या डलविचची पिक्चर गॅलरीही त्यांचीच.

सोन म्हटलं की त्यांचा तो बसका घुमट आठवतो, मांडवाचं कापड चार कोपऱ्यांत बांधून वाऱ्यानं फुगावं तसा, खाली भिंतींचा भार जाणवतच नाही आणि उजेड वरून येतो. हा मूळचा कोणाचा यावर वाद आहे. एक मत म्हणजे १७९२ च्या सुमारास बँक ऑफ इंग्लंडच्या स्टॉक ऑफिसात (रोख्यांच्या व्यवहारांच्या हॉलमध्ये) सोननीच तो पहिल्यांदा नीट वापरला. पण डान्सनी गिल्डहॉलच्या (लंडनच्या नगरपालिकेची इमारत) कौन्सिल चेंबरला साधारण १७७७-७९ मध्येच असा घुमट केला होता, शिवाय स्टॉक ऑफिससाठी डान्सनी काढलेली स्केचेसही आहेत, त्यामुळे कल्पना गुरूची आणि तिचा कस काढला शिष्यानं, हे जॉन समरसन यांच्या बाजूचं मत जास्त पटतं. (वास्तू-इतिहासकार समरसन स्वतः १९४५ ते १९८४ सोनच्या घर-म्युझियमचे क्युरेटर होते.) स्टॉक ऑफिसचा मूळ हॉल आता नाही. १९२० नंतर हर्बर्ट बेकरनी सोनची बँक आतून जवळपास सगळी पाडली, तेच बेकर ज्यांनी दिल्लीचं जुनं संसद भवन बांधलं.

लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकातली १२, १३, १४ नंबरची घरं सोननी १७९२ ते १८२४ दरम्यान एकेक करून पाडून बांधली, तेच हे म्युझियम. १३ नंबरच्या ब्रेकफास्ट रूममध्ये तोच घुमट छोट्या मापात आहे, त्यात गोल फुगीर आरसे बसवलेत, आणि घरातल्या काही स्कायलाइटना पिवळी काच, म्हणजे लंडनच्या मळभातही इटलीचं ऊन. पिक्चर रूमच्या भिंती बिजागरीवर उघडतात आणि आत आणखी चित्रं निघतात, चित्रकार होगार्थची आठ चित्रांची मालिका इथेच आहे. तळघरात इजिप्तचा राजा सेती पहिला याची अलाबास्टरची शवपेटी, ब्रिटिश म्युझियमनं नको म्हटल्यावर १८२४ मध्ये सोननी २,००० पौंडांना घेतली.

घर मुलाला मिळालं नाही. सोनचा धाकटा मुलगा जॉर्ज यानं १८१५ मध्ये निनावी लेख लिहून बापाच्या कामाची टर उडवली, थोड्याच दिवसांत आई एलिझाबेथ वारली आणि सोननी त्याला कधी माफ केलं नाही. १८३३ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदाच करून घेतला, की आपल्या पश्चात घर आहे तसंच ठेवायचं, लोकांना फुकट दाखवायचं. प्रवेश आजही फुकट आहे.

लंडनच्या सेंट पॅनक्रस भागात सोन कुटुंबाची समाधी आहे, तिच्या माथ्यावरून लंडनचा लाल टेलिफोन बूथ सुचला असं सगळे सांगतात. डिझाइनर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट त्याच सुमारास म्युझियमचे ट्रस्टी होते आणि साम्यही आहे, तरी शक्य आहे एवढंच म्हणावं.