गॅस्केट कापणे (जुन्या इंजिनांसाठी)

इंजिनाच्या दोन स्थिर भागांच्या सांध्यातून तेल, पाणी, इंधन वा वायू गळू नये म्हणून मध्ये घातलेल्या चपट्या, दबणाऱ्या थराला गॅस्केट म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला सर्रास ‘पॅकिंग’ म्हटले जाते. परंतु फिरत्या दांड्याभोवती भरायच्या वळलेल्या दोरालाही तेच नाव असल्याने येथे गॅस्केट हा शब्द योजला आहे. तयार गॅस्केट मिळेनासे झालेल्या इंजिनांसाठी, विशेषतः विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत आणि गुऱ्हाळांत चाललेल्या संथगती एकसिलिंडरी डीझेल इंजिनांसाठी, ते हाताने कापून घेतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, गुंडाळलेले शीड परबाणाला (डोलकाठीवरील आडव्या दांड्याला) बांधण्याच्या आखूड दोरीसाठी आढळतो. त्याचा संबंध बहुधा फ्रेंच ‘गार्सेत’ या शब्दाशी जोडतात. त्याचा एक अर्थ बारीक दोरी, तर दुसरा लहान मुलगी असा आहे. हा अर्थबदल काहींना दूरान्वित वाटतो, तथापि खलाशांच्या बोलीचा विचार करता तो अशक्य म्हणता येत नाही. यंत्रांच्या संदर्भात हा शब्द साधारणतः १८३० च्या सुमारास रूढ झाला असावा. न्यूकमेनच्या १७१२ च्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याभोवती (पिस्टनभोवती) कातडे आणि वर पाण्याचा थर असे, तर पुढे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात चरबीत भिजवलेला सणाचा दोर भरत. दोरीचे नाव सांध्यातील भरणीला मिळण्याचे कारण येथेच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. स्थिर सांध्यांना शेंदूर व जवसाचे उकळलेले तेल यांचा लगदाही लावत. ॲस्बेस्टस आणि रबर एकत्र दाबून केलेले ताव ऑस्ट्रियातील रिखार्ड क्लिंगर यांनी १८९० च्या दशकात प्रचारात आणले आणि पुढे इंजिनांसाठी तेच प्रमाण ठरले.

कापण्याची रीत साधी आहे. सांध्याचा पृष्ठभाग खरवडून कोरडा केल्यावर त्यावर ताव ठेवतात आणि प्रथम बोल्टची दोन भोके पाडून त्यांत बोल्ट अडकवतात, म्हणजे ताव सरकत नाही. भोकावर बेअरिंगमधील पोलादी गोळी ठेवून वरून हलका ठोका दिल्यास गोल स्वच्छ सुटतो. त्यानंतर आतील पोकळ्या आणि शेवटी बाहेरची कड, गोल डोक्याच्या हातोडीने हलक्या ठोक्यांनी काढतात. कागद बिडाच्या कडेवरच कापला जातो. ॲल्युमिनियमच्या भागावर मात्र ही रीत वर्ज्य आहे, कारण कड चेपते आणि तिथेच पुढे गळती सुरू होते. तेथे तेलकट बोटाने कागदावर ठसा घ्यावा आणि लाकडी ठोकळ्यावर पंच व कात्रीने कापावे.

आकारापेक्षा जाडी अधिक महत्त्वाची असते, आणि हातकामात चूक होते ती बहुधा येथेच. ८० मिमी व्यासाचा सिलिंडर, ११० मिमी धाव (दट्ट्याच्या एका फेरीचे अंतर) आणि १६.५ संपीडन गुणोत्तर (हवा मूळच्या किती पटींनी दाबली जाते ते प्रमाण) असलेल्या इंजिनात ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे ३५.७ घन सेंमी असते. हेडखालचे (सिलिंडरवरच्या झाकणाखालचे) गॅस्केट दाबल्यानंतर मुळापेक्षा अर्धा मिमी जाड राहिले, तर त्यात सुमारे २.५ घन सेंमीची भर पडते आणि गुणोत्तर १५.५ वर येते. थंडीत हँडल मारून इंजिन चालू करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. गॅस्केट पातळ झाले, तर दट्ट्या हेडला वा झडपांना टेकण्याचा धोका असतो. म्हणून दट्ट्यावर शिशाची तार ठेवून इंजिन हाताने एक फेरा फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजतात. अनेक इंजिनांत इंधनपंपाखालच्या पातळ चकत्यांवर इंधन फवारण्याची वेळ ठरते, त्यामुळे तेथे हाताला येईल तो पुठ्ठा घालणे चुकीचे होय.

तेलाच्या सांध्यांना तेलकट कागद आणि पत्र्याच्या झाकणांना बूच वापरतात. हेडसाठी तांब्याचा पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात. तो पाण्यात बुडवल्यामुळेच मऊ होतो हा समज बरोबर नाही. मऊपणा तापवण्याने येतो, पाण्याने फक्त तापवल्याने आलेली काळी खपली सुटते. वापरात तांबे पुन्हा कडक होते, म्हणून तेच गॅस्केट परत बसवण्यापूर्वी पुन्हा तापवावे लागते. लाखेपासून केलेले शेलॅक कागदी गॅस्केटला पातळ लावतात. साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगते, आणि जास्त लावल्यास आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात.

जुन्या इंजिनातून निघणारे करडे, तंतुमय गॅस्केट ॲस्बेस्टसचे असण्याची शक्यता मोठी असते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. यासाठी ते कोरडे खरवडू नये किंवा तारेच्या ब्रशने घासू नये. पाण्याने पूर्ण भिजवून सोडवावे आणि ओले असतानाच पिशवीत बंद करावे. बदली म्हणून हल्ली अरॅमिड या कृत्रिम तंतूंचे ताव वापरतात. ते ॲस्बेस्टसइतकी उष्णता सोसत नसल्याने धुराड्याच्या सांध्याला ग्रॅफाइटचा ताव अधिक योग्य ठरतो.