रिजेक्ट पीस भट्टीत परत जातो, लाईटबिल परत येत नाही

कोल्हापुरात शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळतं, "जातंय कुठं, परत भट्टीतच टाकायचं की." लोखंड परत येतं हे खरंय, पण ते वितळवायला गेलेली वीज, मोल्ड (वाळूचा साचा), कोअर (पीस आतून पोकळ ठेवायला साच्यात बसवतात तो वाळूचा भाग), माणसांचे तास यातलं काहीच परत येत नाही.

जरा हिशोब करू. इंडक्शन भट्टीत टनाला साधारण 600 युनिट धरा. ओतलेला सगळा रस (वितळलेलं लोखंड) विकला जात नाही, रनर (रस आत नेणारी वाट) आणि रायझर (जादा रसाचा साठा) तोडून बाजूला निघतात. समजा 60 टक्केच कास्टिंग, म्हणजे ओतून झालेला पीस, हाती लागलं आणि त्यातलं 8 टक्के रिजेक्ट झालं, तर एक टन चांगला माल द्यायला सुमारे 1,810 किलो रस करावा लागतो. रिजेक्शन निम्म्यावर आणलं तर 1,735. आणि रिजेक्शन आहे तेवढंच ठेवून हाती लागणारं कास्टिंग 60 चे 66 टक्के केलं तर थेट 1,650, म्हणजे टनामागे जवळपास 100 युनिट वाचले! पण रायझरकडे बघतंय कोण.

गोठताना धातू आकसतो, ती तूट भरायला रायझरमध्ये जादा रस ठेवतात. ग्रे आयर्नमध्ये (बिडाचा नेहमीचा प्रकार) मात्र गोठतानाच कार्बनचं ग्राफाइट तयार होतं, ते जागा जास्त घेतं, त्यामुळे आकसणं बरंचसं भरून निघतं आणि मोल्ड घट्ट असेल तर लहान रायझरवरही भागतं (स्टीलला हे लाड नाहीत). तरी जुन्या पॅटर्नचा (ज्यावरून साचा काढतात तो नमुना) दांडगा रायझर भीतीपोटी तसाच चालू राहतो. आता कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून कुठला भाग शेवटी गोठतो ते आधीच बघता येतं, तेव्हा ही भीती महागातच पडते.

रिजेक्शन स्वस्त आहे असं मात्र नाही हां. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, 3-4 टक्के पाणी असतं, त्यावर 1,400 अंशांच्या आसपासचा रस पडला की पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण 1,700 पट जागा लागते. ओल जास्त झाली, वाफेला वाट मिळाली नाही, की बुडबुडा कातडीखाली अडकतो. वरून पीस एकदम चकाचक, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशिन) टूल फिरलं की भोक! तोवर मशिनिंगचा खर्चही त्यात गेलेला असतो.

वाळूची ओल बघायला छोटा टेस्टर मिळतो, कार्बाइडची पावडर आणि वाळू बंद डब्यात हलवायची, गॅस होतो, काटा टक्केवारी दाखवतो, काम काही मिनिटांचं. पण बऱ्याच ठिकाणी हा टेस्टर ऑडिटच्या दिवशीच कपाटातून बाहेर येतो.