गंजरोधन : ठाणे खाडीकाठच्या संदर्भात

हवा, पाणी आणि क्षार यांच्यामुळे धातूची होणारी झीज थांबवण्याच्या किंवा मंदावण्याच्या उपायांना गंजरोधन म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत गंजाला लागणारे सारे साहित्य दाराशीच आहे: खाडीचे मीठ, चार महिन्यांचा दमट पावसाळा आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातला कारखान्यांचा धूर.

पाऊस मात्र दर वेळी वैरी नसतो. वाशी किंवा ऐरोलीतल्या एखाद्या खिडकीची ग्रिल पाहावी. उघड्यावर भिजणारा भाग धुऊन निघतो. छज्ज्याच्या आडोशाला बसलेले मीठ तसेच राहते आणि हवेतला ओलावा ओढत बसते. आधी फुगतात ते वेल्डिंगचे सांधे आणि पट्टीच्या धारदार कडा, कारण ओला रंग कडेवरून आकसतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंजावरच रेड ऑक्साइड फासून वर ऑइल पेंट मारण्याची आपल्याकडची दिवाळीपूर्व पद्धत म्हणूनच फार टिकत नाही. रंगाखाली अडकलेले मीठ पाणी खेचते, फोड येतात आणि रंग पापुद्र्यासकट निघतो. औद्योगिक कामात पृष्ठभाग आधी गोड्या पाण्याने धुतात, ब्लास्टिंगने, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून, गंज पूर्ण उतरवतात आणि पुन्हा गंज धरण्याआधी जस्तयुक्त प्रायमर मारतात. मधला थर इपॉक्सीचा असतो. तो उन्हात खडूसारखा भुकटत जातो, म्हणून सर्वांत वर पॉलियुरेथेन.

रंग हा नुसता आडपडदा. जस्ताचे काम वेगळे. कल्हईशी तुलना केली की फरक चटकन कळतो. पितळेच्या पातेल्यातले कथील आंबट पदार्थ आणि पितळ यांच्यामध्ये फक्त उभे असते. कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्यावर ओरखडा पडला, तर तिथले लोखंड उलट अधिक वेगाने झिजते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखड्यापाशीही आधी ते झिजते आणि लोखंड वाचते. जस्ताचा असा मुलामा (गॅल्व्हनायझिंग) देण्यासाठी सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवतात. 5 मिमी किंवा त्याहून जाड पोलादासाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला 610 ग्रॅम, म्हणजे साधारण 86 मायक्रॉन जस्त लागते.

स्वतः झिजून दुसरा धातू वाचवण्याचे हेच बलिदानाचे तत्त्व इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर वापरले. तळाचा तांब्याचा पत्रा लोखंडाच्या तुकड्यांमुळे वाचला, पण समुद्री जीवांना मारक असलेले तांबे विरघळेनासे झाल्याने त्यावर शिंपले आणि शेवाळ बिनधास्त वाढू लागले! आज जेटीचे खांब आणि जमिनीखालच्या वाहिन्या यांना जागेनुसार जस्त, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात किंवा बाहेरून एकदिश विद्युत प्रवाह देतात.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य ऑक्साइड थरच संरक्षण करतो. खाऱ्या हवेत 304 प्रतीच्या रेलिंगवर तपकिरी डाग पडतात. 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेली 316 प्रत अधिक टिकते. लोहचुंबक लावून हा फरक ओळखता येत नाही.

काँक्रीटमधल्या सळईला सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे तिच्यावर बसणारा पातळ थर सांभाळतो. मिठातले क्लोराइड आत शिरले की तो थर तुटतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अनेक पट जागा व्यापून स्लॅबचे पोपडे पाडतो. म्हणून काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकात सळईवरील काँक्रीटचे आवरण सौम्य परिस्थितीत 20 मिमी, तर अत्यंत तीव्र परिस्थितीत 75 मिमी सांगितले आहे. 1973 मध्ये खुला झालेला वाशीचा पहिला खाडीपूल पूर्वताणित, म्हणजे आतल्या पोलादी केबली ताणून मजबूत केलेल्या, काँक्रीटचा होता. आतल्या केबलींना गंज लागल्याने बाहेरून जादा केबली बसवून ताण द्यावा लागला आणि जड वाहने पुढे दुसऱ्या पुलावरून जाऊ लागली.

तांब्यालाही सुटका नाही. खाडीचा गाळ आणि नाले यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने एसीची नळी काळवंडते, बारीक छिद्रे पडतात आणि मेकॅनिक ‘कॉइल गेली’ एवढेच सांगतो. हाच वायू ऐरोली–महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांचीही डोकेदुखी आहे. तिथे सर्व्हरच्या खोलीत तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या टांगतात, महिनाभराने उतरवून प्रयोगशाळेत थर मोजतात. तांब्यावरचा थर महिन्याला 300 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर हवा सौम्य समजतात. आकडा वर गेला, की हवेच्या वाटेवरचे सक्रिय कोळसा आणि पोटॅशियम परमँगनेटचे फिल्टर तपासायला घेतात.