पवनऊर्जा ग्रिडवर आणताना : खर्च नेमका कुठे होतो

१९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, त्यांची दखलही घ्यावी लागली नाही. अडचण नव्वदच्या दशकातली. पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय, मिळू लागला आणि कर वाचवणाऱ्यांनी तमिळनाडूतल्या मुप्पंदल परिसरात चक्क्यांची दाटी केली. सवलत यंत्र उभारण्यावर होती, तयार झालेल्या विजेच्या युनिटवर नव्हती. त्यामुळे वाऱ्याच्या उत्तम जागा २२५–२५० किलोवॅटच्या छोट्या यंत्रांनी अडल्या.

त्या काळातली ही इंडक्शन जनित्रे वीज देताना ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) ओढत. ग्रामीण वाहिनीच्या टोकाला अशा चक्क्यांची रांग लागली की वाऱ्याच्या जोरात व्होल्टेज खचे आणि चक्क्या एकामागून एक ट्रिप होत, म्हणजे आपोआप ग्रिडपासून सुटत. ही रिॲक्टिव्ह पॉवर जागेवरच पुरवणारी कपॅसिटर बँक हा स्वस्त इलाज. पण व्होल्टेज १० टक्के पडले की कपॅसिटरचा आधार १९ टक्क्यांनी घटतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो तोकडा पडतो. शेवटी २०१३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ६६ केव्ही (किलोव्होल्ट) व त्यावरील जोडणीच्या नव्या चक्क्यांसाठी अट घातली: बिघाडात व्होल्टेज नेहमीच्या १५ टक्क्यांवर आले, तरी लगेच ग्रिडपासून सुटायचे नाही.

दुसरा अडसर तारांचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जोडले गेले. तोवर तमिळनाडूतला जास्तीचा वारा बाहेर नेण्याची वाट फार अरुंद होती. पण वाहिनी महाग पडते ती वापराअभावी. १०० मेगावॅटच्या पवन प्रकल्पाची सरासरी निर्मिती ३० मेगावॅटच्या आसपास, वाहिनी मात्र १०० ची बांधावी लागते. त्याच वाहिनीवर सौर प्रकल्प जोडण्याला २०१८ च्या संकरित (पवन-सौर एकत्र) धोरणाने वाट दिली. आमच्या मते सर्वांत कमी खर्चाचा उपाय हाच.

वेळापत्रकाचा प्रश्न जास्त चिघळला. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग, प्रत्येकाचा अंदाज आधी द्यायचा. २०१० च्या ग्रिड संहितेत चूक वेळापत्रकाच्या प्रमाणात मोजली जाई. १०० मेगावॅटच्या प्रकल्पाने ४० सांगितले आणि ६० दिले, तर चूक ५० टक्के. उत्पादकांनी विरोध केला, योजना बारगळली. २०१५ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने भाजक बदलून उपलब्ध क्षमता धरली: तीच चूक २० टक्के झाली, त्यातल्या १५ टक्क्यांना दंडातून माफी. सुरुवातीला एवढी ढिलाई हवीच होती. माफीचा पट्टा पुढे आवळत नेला.

फेब्रुवारी २०१७ च्या लिलावात पवनविजेचा दर युनिटला ३.४६ रुपये निघाला, त्याच डिसेंबरात गुजरातेत २.४३. चक्की स्वस्त झाली, तरी वर्षाची बहुतांश पवनवीज जून ते सप्टेंबरमध्येच येते. नेमके तेव्हा पावसामुळे शेतीपंप बंद असतात. रात्री मागणी पडली की कोळशाचे संच खाली आणावे लागतात. २०१६ च्या नियमाने क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत, २०२३ च्या नियमांनी ४० पर्यंत. त्याखाली ज्वाला टिकवायला तेल जाळावे लागते, आणि वारंवारच्या चढउताराने बॉयलरच्या नळ्या थकतात. कमी भारावर चालवल्याची भरपाई केंद्रीय वीज केंद्रांना आयोगाच्या सूत्राने मिळते; पवनविजेच्या लिलावातल्या दरात ती धरलेली नसते.