ठणक, गोळी आणि पाटकरी

एप्रिलात खरड छाटणी सुरू झाली की तासगाव भागातल्या मेडिकलमध्ये एकच मागणी दिवसातून दहा वेळा येते. "दादा, ती मागच्या येळची पिवळी गोळी द्या की. खांदा लई ठणकतोय." दिवसभर हात वर धरून द्राक्षबागेत कात्री चालवायची म्हटल्यावर खांदा ठणकणारच. गोळीचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्यात चूक आमची, काउंटरमागे उभं राहणाऱ्यांची आहे. दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापून पुडीत घालतो आणि नाव, मुदत छापलेला तुकडा नेमका दुकानात राहतो. यातल्या बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात, ते वेगळंच.

एका मावशींनी कनवटीची पुडी उघडून दाखवली होती. तीन गोळ्या. एक गावातल्या डॉक्टरांची, एक दुकानातली, एक जावेनं दिलेली. दोन तुकड्यांच्या पाठीवर नुसतं 'क्लोफेनॅक' उरलेलं. त्याच्या आधी 'डाय' होतं की 'एसे', ते कात्रीनं नेलेलं. दोन्ही गोळ्या एकाच घराण्यातल्या. त्या सोबत घेतल्या म्हणून ठणक दुपटीनं कमी होत नाही, त्रास मात्र वाढतो. मावशी म्हणाल्या, "बीपीची गोळी बी चालूय." आणि पाणी? "बागेत आडोसा कुठं हाय, दादा? पाणी पिलं की जावं लागतंय."

मला त्या तीन गोळ्यांपेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त लागलं. का, ते सांगतो.

अंगाला इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते, ठणका वाढतो. ॲस्पिरिन १८९९पासून बाजारात आहे, पण ती ही रसायनं बनण्याचं काम थांबवते हे लंडनमध्ये औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं ते थेट १९७१मध्ये. त्यासाठी १९८२च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड या सगळ्या गोळ्यांचं मुख्य काम हेच.

घोटाळा असा की प्रोस्टाग्लँडिन नुसतं दुखवत नाही. जठराच्या आतलं अस्तर तेच जपतं. आणि मूत्रपिंडात ते पाटकऱ्याचं, म्हणजे कालव्याचं पाणी वावरांना सोडणाऱ्या माणसाचं, काम करतं. कालव्याला पाणी भरपूर असतं तेव्हा पाटकऱ्याची कुणाला आठवण येत नाही. पण उन्हाळ्यात आवर्तन लांबलं, पाणी खाली गेलं, की तोच दार जास्त उघडून शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचवतो. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी अशीच रुंद ठेवली जाते. दुखण्याची गोळी या पाटकऱ्यालाच घरी पाठवते. तरण्याताठ्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला दोन दिवस गोळी घेऊन सहसा काही कळतही नाही. पण चाळीस अंशांच्या उन्हात, तहान मारून राबणाऱ्या बाईला तेव्हाच पाटकरी हवा असतो.

त्यात बीपीची गोळी. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं, त्या गोळ्या मूत्रपिंडातून बाहेर जाणारी वाट सैल करतात, म्हणजे आतला दाब आणखी उतरतो. सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर कालव्यातलंच पाणी कमी. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बसू शकतं. पण म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. दुखण्याची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

डायक्लोफेनॅकचा मूत्रपिंडावरचा सगळ्यात भयंकर पुरावा आपल्या आकाशात आहे, किंवा आता नाही. गुरांना हे औषध दिलं जाई, मेलेली गुरं गिधाडं खात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरत. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण औषध तेच आहे.

"मी सोबत गॅसची गोळी घेतो की," असं पुष्कळ जण सांगतात. ती पोटाला सांभाळते, मूत्रपिंडाला नाही. इंजेक्शन घेतलं म्हणजे पोट वाचलं, हाही गैरसमजच. औषध रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नुसता गुडघा किंवा खांदा दुखत असेल तर चोळायचं मलम बरं, त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं.

पॅरासिटामॉलचं घर वेगळं. ती सूज फारशी उतरवत नाही, पण पोट आणि मूत्रपिंडाला बरीच सौम्य. डेंगीची शंका असेल तर तापाला हीच घ्यायची, कारण ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलचा वार यकृतावर, तोही हिशेब चुकला तर. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम. आता हिशेब करा. तापासाठी ६५०ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५०० असतं, ती तीन वेळा, १५००. झाले ४१००. वर कंबरेसाठी घेतलेल्या एसेक्लोफेनॅकच्या गोळीतही ३२५ पॅरासिटामॉल, दोनदा घेतली की ६५० आणखी. बेरीज ४७५०, आणि माणूस म्हणतो, मी तीन वेगवेगळी औषधं घेतली! काटकुळ्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा उपाशी माणसाचं यकृत याच्याही आधी हात टेकतं. पहिल्या दिवशी मळमळ होते, मग बरं वाटतं, आणि कावीळ दिसेतो तिसरा-चौथा दिवस उजाडतो. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला. जास्त गोळ्या गेल्या हे कळलं की बरं वाटतंय का याची वाट बघत बसू नये.

त्या मावशींना मी अख्खी स्ट्रिप घ्यायला सांगितली. दहा गोळ्यांचे पैसे ऐकून त्या म्हणाल्या, "चारच द्या." मग पुडीवर बॉलपेननं नाव, मिलिग्रॅम आणि मुदत लिहून दिली. तेव्हापासून प्रत्येक पुडीवर लिहायचं ठरवलंय. शनिवारी, पगाराच्या दिवशी, दारापर्यंत रांग येते तेव्हा तेही राहून जातं.