स्वभावाला जागा किती?

“त्याच्यात धमकच नाही हो.” अप्रेझलच्या दिवसांत वरिष्ठांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. काम रेंगाळलं की दोष माणसाच्या स्वभावाचा आणि स्वभावाला औषध नाही, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो. उरतो तो बोनस दाखवायचा की कान उपटायचे, एवढाच प्रश्न.

स्वभावाचा कामाशी संबंध असतो, हे खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ स्वभावाची मोजणी साधारण पाच अंगांनी करतात: शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, भावनिक स्थैर्य आणि नव्याची ओढ. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या अमेरिकी संशोधकांनी तोवर झालेले ११७ अभ्यास एकत्र करून १९९१ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. पोलीस, विक्रेते, व्यवस्थापक, कारागीर अशा सगळ्यांच्या बाबतीत कामाशी जुळणारं अंग एकच निघालं, ते म्हणजे शिस्तशीरपणा. वेळेवर येणं, हाती घेतलेलं तडीस नेणं, सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करणं हे सगळं त्यात येतं. बहिर्मुखता उपयोगी पडली ती मुख्यतः विक्रेत्यांना आणि व्यवस्थापकांना.

पण हे नातं किती घट्ट? शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण जुळणी, अशा पट्टीवर शिस्तशीरपणाचा आकडा ०.२ च्या आसपास येतो. त्याचा वर्ग केला की हिशेब कळतो. माणसामाणसांच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ४ ते ५ टक्के वाटा या गुणाने उलगडतो. शेकडो माणसं भरती करणाऱ्या कंपनीला एवढाही आधार पुष्कळ झाला. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल निवाडा द्यायला मात्र तो फारच तोकडा आहे.

आकडा इतका लहान का, याचा एक धागा त्याच दोघांच्या १९९३ च्या अभ्यासात सापडतो. त्यांनी १४६ व्यवस्थापक घेतले आणि प्रत्येकाला कामात किती मोकळीक आहे हेही पाहिलं. मोकळीक जास्त असलेल्यांत शिस्तशीरपणा आणि बहिर्मुखता यांचा कामाशी संबंध ठळक दिसला, हातपाय बांधलेल्यांत तो फिका पडला. कारण समजायला सोपं आहे. लाल सिग्नलला तापट आणि शांत दोघेही थांबतात, कोण कसा आहे ते रिकाम्या रस्त्यावर कळतं. पायरीन् पायरी ठरवून दिलेल्या कामात स्वभावाला डोकं वर काढायला फटच नसते. त्याच अभ्यासातली एक गंमत मला फार आवडते: मोकळीक असलेल्या व्यवस्थापकांत मनमिळाऊपणाचा कामाशी संबंध उलटा निघाला. सगळ्यांशी गोड राहणारा साहेब कडू निर्णय पुढे ढकलत असावा, हा अर्थातच माझा अंदाज.

आता प्रेरणेकडे. शिस्तशीर माणूस नेमकं करतो काय? विक्रेत्यांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की असे लोक स्वतःच स्वतःला टार्गेट देतात आणि ते सोडत नाहीत. म्हणजे स्वभावाचा बराचसा परिणाम लक्ष्यातून होतो. मग ज्याला ते आतून जमत नाही, त्याला लक्ष्य बाहेरून दिलं तर?

गॅरी लेथम आणि जेम्स बाल्डीस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणारे ३६ ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरून निघत. ओंडके सारख्या जाडीचे नसतात, त्यामुळे किती भरायचं ते चालक नजरेनेच ठरवत. “जमेल तितकं करा” हे सांगून झालंच होतं. मग त्यांना आकडा दिला: ९४ टक्के. पैसे वाढवले नाहीत, आणि आकडा गाठला नाही तर शिक्षा नाही, असं वचन दिलं. पहिल्या महिन्यात भार वाढला, दुसऱ्या महिन्यात चक्क घसरला. हे वचन खरं आहे का, याची चालक परीक्षा घेत होते! कुणाला शिक्षा झाली नाही, तसा भार पुन्हा चढला आणि ९० टक्क्यांच्या पुढे जाऊन टिकला. चालक तेच, त्यांचे स्वभावही तेच.

याचा अर्थ टार्गेट म्हणजे रामबाण, असा मात्र नाही. काम अवघड आणि हात अजून बसलेला नसेल, तर आकड्याची टांगती तलवार शिकण्यातलंच लक्ष काढून घेते. हवाई वाहतूक नियंत्रणाचं आभासी काम शिकणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींवर केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं.

लक्ष्याखेरीज आणखी एक गोष्ट असते: आपल्या कामाचा उपयोग कुणाला होतो ते दिसणं. अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्यांवर प्रयोग केला. त्यातल्या काही जणांना त्या पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं बोलायला मिळालं. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ सुमारे अडीच पट आणि देणग्या पावणेतीन पट झाल्या. ज्यांनी त्या विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचलं, त्यांच्यात फरक पडला नाही. गट लहान होते, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे सगळीकडे लागू होतील असं समजू नये.

पुढच्याच वर्षी ग्रँट यांनी अशाच कामावर नव्याने लागलेल्यांचा स्वभावही मोजला. कामाचं महत्त्व सांगणाऱ्या गोष्टी त्यांना वाचायला दिल्या. शिस्तशीर मंडळींवर त्यांचा परिणाम कमी झाला, कारण ती आधीपासूनच जोर लावत होती. ज्यांचा शिस्तशीरपणाचा आकडा खालचा होता, त्यांच्याच कामात जास्त वाढ दिसली.