लीन आणि दीनवाणा

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत हा प्रसंग हमखास घडतो. पंचकमिटीसाठी कुणाचं तरी नाव पुढे येतं आणि तो गृहस्थ हात जोडून म्हणतो, "नको हो, माझी काय लायकी? दुसऱ्या कुणाला तरी घ्या." मागच्या बाकावरून आवाज येतो, "किती लीन माणूस!" पुढे वर्षभर हाच माणूस नव्या कमिटीच्या प्रत्येक कामात खोट काढतो. मीही हात जोडून असं म्हटलेलं आहे, म्हणून मला ते आतून माहीत आहे. त्या वेळी मनात लीनता नव्हती. जमलं नाही तर हसं होईल, ही धास्ती होती.

लीन आणि दीनवाणा, दोघांचीही मान खाली असते आणि आवाजही खालच्या पट्टीतला. म्हणून घोटाळा होतो. पण दीनवाणा माणूस सारखा स्वतःबद्दलच बोलत असतो, फक्त वाईट बोलतो. लीन माणसाच्या बोलण्यात स्वतःचा विषय फारसा निघतच नाही. (येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले 'आत्म्याने दीन' वेगळे. आपली झोळी रिकामी आहे हे जाणून ते ती देवापुढे पसरतात. दीनवाणा झोळी रिकामी असल्याचं सांगतो आणि तिचं तोंड बांधून ठेवतो.)

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हे दोन्ही नमुने एकाच माणसात सापडतात. मोशे.

निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात तो जळत्या झुडपापुढे अनवाणी उभा आहे. मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊन इस्राएल लोकांना गुलामीतून सोडव, असं देव सांगतो आणि मोशे एकामागून एक पाच सबबी काढतो. मी कोण? तुझं नाव काय सांगू? ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. माझी जीभ जड आहे. यातल्या एकाही सबबीवर देव चिडत नाही. 'मी कोण' या प्रश्नावर 'अरे, तू फार मोठा आहेस' अशी समजूतही घालत नाही. एवढंच म्हणतो की मी तुझ्याबरोबर असेन. पण पाचव्यांदा मोशे सरळ म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तिथे देवाचा राग भडकला असं लिहिलंय. आपल्या सभेतलंच वाक्य! तरीही देवाने त्याला सोडलं नाही. बोलायला भाऊ अहरोन सोबत दिला. त्या वेळी मोशे 80 वर्षांचा होता आणि अहरोन 83.

येशूच्या दाखल्यातला तिसरा दासही याच जातीचा. धन्याने दिलेले पैसे त्याने भीतीने जमिनीत पुरले. जुन्या मराठी अनुवादात ती रक्कम 'एक हजार रुपये' अशी आहे, त्यामुळे वाचताना वाटतं, बिचाऱ्याला मिळालं तरी किती! मुळात तो एक तालंत होता. म्हणजे 6,000 दीनार, आणि दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. जवळपास 20 वर्षांची कमाई खड्ड्यात. धनी त्याला दुष्ट आणि आळशी म्हणतो. 'मी आपला लहान माणूस' ही सबब तिथे चालली नसती.

आता गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय. तोच मोशे, पण मधे रानातली पायपीट झालेली. लोकांचा भार एकट्याला पेलवत नाही म्हणून देव त्याच्यावरचा आत्मा लोकांतल्या 70 वडीलधाऱ्यांवरही ठेवतो. त्यातले एलदाद आणि मेदाद दर्शनमंडपापाशी, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूपाशी, आलेच नाहीत, छावणीतच राहिले आणि तिथेच देवाचा संदेश देऊ लागले. कुणीतरी धावत येऊन ही खबर दिली. मोशेचा मदतनीस, तरुण यहोशवा, याला ते खपलं नाही. त्याने मोशेला सांगितलं, त्यांना थांबवा. मोशेचं उत्तर असं की माझ्यासाठी तुला हेवा वाटतो काय? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं!

लीनता आणि उदारपणा वेगळे काढता येत नाहीत, ते मला इथे दिसतं. उदारपणा म्हटलं की आपल्याला अर्पणाची थैली आठवते. पण आपला मान, आपली जागा, आपलं खास काम दुसऱ्याच्या हाती गेलेलं पाहून आनंद होणं हे नोट टाकण्यापेक्षा कितीतरी जड जातं. 25 वर्षं क्वायर चालवलेल्या माणसाला विचारून बघा. दीनवाण्याला हे जमत नाही, कारण आपल्याकडे द्यायला काही आहे हेच तो कबूल करत नाही. त्याला घेणंही जमत नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्य पेत्र येशूला म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती लीन! येशूने मात्र ते चालू दिलं नाही. आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान त्याच ठिकाणी नोंदवतो की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे ठाऊक असतानाच येशू उठला आणि त्याने कमरेला रुमाल बांधला.

गणनेच्या लगेच पुढच्या, बाराव्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम आणि अहरोन मोशेविरुद्ध बोलू लागतात. निमित्त त्याच्या कूशी, म्हणजे परदेशी, बायकोचं. पोटात मात्र दुसरंच होतं: परमेश्वर काय फक्त मोशेशीच बोलतो? मोशेच्या सबबीमुळे ज्याला सोबत दिलं, तोच अहरोन. इथेच शास्त्र कंसात सांगितल्यासारखं सांगतं की मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांहून नम्र होता. तो स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. देवच बोलतो, आणि मिर्याम कोडाने पांढरी पडते. तेव्हा कुठे मोशे तोंड उघडतो: देवा, तिला बरी कर. मूळ हिब्रूत ही प्रार्थना जेमतेम पाच शब्दांची आहे. जड जिभेच्या माणसाला तेवढे पुरले. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं, आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही.